साडेसात महिन्यांचं बाळ, दात येताहेत आणि सोबत ताप-जुलाब. हे दातांमुळेच का?

अबीरची_आई, पाथर्डी फाटा (शुक्रवार, रात्री ११:४५)

सगळ्यांना नमस्कार. जरा लांबलचक होईल, पण सगळं एकदाच सांगते.

अबीर साडेसात महिन्यांचा आहे, वजन ७ किलो ८००. गेल्या काही दिवसांत त्याची लाळ इतकी गळतेय की लाळेरं तासाभरात चिंब होतं. हनुवटीखाली आणि गळ्याच्या घडीत लाल पुरळ आलंय. हाताला लागेल ते तोंडात घालतो, माझी ओढणी, रिमोट, सोफ्याचा कोपरा, काहीही. खालची हिरडी समोर फुगल्यासारखी दिसते, बोट फिरवलं की कडक लागते, पण दात काही वर आलेला नाही. पाजताना असा चावतो की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. रात्री दर तासाला उठून किरकिर.

एवढ्यावर होतं तोवर मी निश्चिंत होते. पण कालपासून शी पातळ होतेय. आज पाच-सहा वेळा झाली, पाण्यासारखी, हिरवट. संध्याकाळी अंग तापलेलं लागलं म्हणून काखेत थर्मामीटर लावला तर १०१.२. खिमट एक-दोन चमच्यांच्या पुढे घेत नाही. अंगावर मात्र पितोय.

घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, दात येताना ताप-जुलाब व्हायचेच, दात फुटला की आपोआप थांबेल. सासूबाईंनी टाकणखाराची लाही मधात खलून हिरड्यांना चोळायला तयार ठेवलीय. यांच्या वेळी आणि नणंदेच्या वेळी त्यांनी हेच केलं होतं आणि त्या अगदी जिवापाड मायेने सांगताहेत. शेजारच्या वहिनींनी हिरड्यांना लावायचं जेल आणून दिलंय. जाऊबाईंनी बायोकेमिकच्या गोड गोळ्यांची बाटली पाठवलीय. हे अंबडला कंपनीत आहेत, या आठवड्यात रात्रपाळी. मी अजून बाळाला यातलं काहीच दिलेलं नाही.

खरंच दातांमुळे एवढं होतं का? थांबू की डॉक्टरांकडे नेऊ? आणि हिरड्यांना आराम पडायला नक्की काय करावं?

मोगरा_इंदिरानगर (शनिवार, रात्री १२:२०)

अगं, माझ्या लेकीचा पहिला दात अकराव्या महिन्यात आला, तोवर आम्ही लाळ पुसून पुसून थकलो होतो. स्वच्छ सुती रुमाल उकळलेल्या गार पाण्यात भिजवून, पिळून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि चावायला द्यायचा, हा उपाय आमच्याकडे सगळ्यात चालला. जेलही लावलं होतं, त्याने ती थोडा वेळ शांत व्हायची. ताप मलाही दातांचाच वाटतोय, दोन-तीन दिवस वाट बघितलीस तरी चालेल.

सिस्टरमावशी, म्हसरूळ (शनिवार, पहाटे ५:३५)

अबीरच्या आई, मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. नोकरीचा बहुतेक काळ दिंडोरी आणि पेठ तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर गेला. तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगंतुगं करते.

मोगरा, तुझा थंड रुमाल चांगला आहे, पण वाट बघायचं मात्र मुळीच सांगू नकोस. दिवसाला पाच-सहा पाण्यासारख्या शी आणि १०१ ताप, हे दातांचं काम नाही. आज शनिवार आहे, दवाखाने सकाळी उघडे असतात. आजच बालरोगतज्ज्ञांना दाखव. उद्या रविवार लागला की धावाधाव होईल.

त्याआधी आत्ता, हे वाचता वाचता, बाळाकडे नीट बघ. शेवटची शू कधी झाली? लंगोट किंवा डायपर सहा तास कोरडाच आहे का? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? तोंड आतून ओलं आहे का? टाळू खोल गेल्यासारखी, डोळे ओढल्यासारखे दिसतात का? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोड, ती लगेच जागेवर जायला हवी. यातलं काही बिघडलेलं दिसलं, किंवा बाळ मलूल पडलं, प्यायचंच बंद झालं, प्यायलेलं सगळं उलटून काढू लागलं, शीत रक्त दिसलं, आकडी आली, तर वेळ ठरवत बसू नकोस, तडक मोठ्या दवाखान्यात ने.

आणि दवाखाना उघडेपर्यंत ओआरएस सुरू कर. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं. १ लिटरची पुडी असेल तर उकळून गार केलेलं मोजून १ लिटर पाणी, अंदाजे ग्लासभर नाही. पुडी थोडी थोडी करून वापरायची नाही. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध अजिबात बंद करायचं नाही, उलट मागेल तेवढं पाज. दुकानात डब्यात मिळणारी गोड पेयं यासाठी आणू नकोस. तसल्या पेयांवर ओआरएस हे नाव छापायला २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, कारण त्यांत साखर भरपूर आणि क्षार योग्य प्रमाणात नाहीत. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे ना, तेवढं बघून घे.

आता दातांबद्दल. मी हे इतक्या आयांना समजावलंय की पाठ झालंय, तरी प्रत्येक वेळी तळमळूनच सांगते. दुधाचे दात २०. पहिला साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, कुणाला चौथ्यात, कुणाला वर्षाने. शेवटची दाढ अडीच-पावणेतीन वर्षांपर्यंत. म्हणजे या दोन वर्षांत मूल कधीही आजारी पडलं तरी कुठला ना कुठला दात येतच असतो. दात शोधायला गेलं की सापडतोच, मग ताप त्याच्या नावावर लिहिला जातो आणि खरं दुखणं मागे राहतं. गावाकडे माझ्याकडे मुलं यायची ती सुकून, टाळू खोल गेलेली, आणि आई सांगायची, दात येताहेत म्हणून थांबले. त्या आया निष्काळजी नव्हत्या. त्यांना चार मोठ्या माणसांनी तेच सांगितलेलं असायचं.

मग नेमकं याच वयात ताप-जुलाब का होतात? पोटात असताना आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या सुमाराला ओसरते. वरचं खाणं तेव्हाच सुरू होतं. बाळ पालथं पडून सरकायला लागतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून तर जास्तच घालतं. जंतू पोटात जायला याहून सोपी वाट कुठली? थंडीच्या दिवसांत रोटाव्हायरसचे जुलाबही वाढतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रोटाचे थेंब झालेत ना, ते कार्डावर बघ आणि कार्ड दवाखान्यात सोबत ने.

तापाच्या औषधाबद्दल एकच गोष्ट, पण ती नीट लक्षात ठेव. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, आणि सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा २५०. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने दिलं तर डोस दुप्पट ते चौपट होतो. डॉक्टर वजनावर मिली लिहून देतील. घरात जी बाटली आहे ती त्यांना दाखवूनच माप पक्कं कर. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना अजिबात नाही.

सासूबाईंच्या वाटीकडे येते. मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना त्यांचं काही वाटत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं, श्वासावरही येतं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तोही नको. गुटी देत असाल तर जुलाब आहेत तोवर ती पूर्ण थांबवा. सहाण कितीही धुतली तरी तिच्या खाचांत ओल राहते, आणि जायफळाचे वेढे जास्त झाले तर बाळ गुंगीत जातं. मग ते सुस्त आहे ते औषधाने की पाणी कमी झाल्याने, हे डॉक्टरांनाही कळणार नाही. डिकेमालीचा डिंक हिरड्यांना चोळायचाही नाही.

पण सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना बाळासाठी काहीतरी करायचंय, तर करायला खरं काम दे. ओआरएस चमच्याचमच्याने पाजायला धीर लागतो, तो आजीकडे असतो. दवाखान्यात त्यांनाही सोबत ने. डॉक्टर बोलतील ते त्या स्वतः ऐकतील, तुला मधे पडावं लागणार नाही.

हिरड्यांसाठी तू स्वतः हात साबणाने धुऊन करंगळीने किंवा ओल्या सुती कापडाने हिरडी हळू दाबून चोळ. दोन मिनिटं दाबलं तरी मुलं शांत होतात. स्टीलचा चमचा फ्रीजमध्ये गार करून उलट्या बाजूने हिरडीला लाव, पण फ्रीजरमधला गोठलेला नको, तो कातडीला चिकटतो आणि इजा होते. पुरळ आलंय तिथे लाळ घासून पुसू नकोस, टिपून घे आणि खोबरेल किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरव. रात्री लाळेरं काढून झोपव. गळ्यात वेखंडाचं कांडं, काळा दोरा, मण्यांची माळ असलं काही असेल तर तेही काढ, झोपेत आवळलं जातं.

चावतो तेव्हा झटक्याने ओढून घेऊ नकोस, जास्त लागतं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून तुझी करंगळी आत सरकव, पकड सुटते. पाजायच्या आधी पाच मिनिटं हिरडी चोळलीस तर चावायचं कमी होईल.

जा आता, ओआरएस कर.

अबीरची_आई (शनिवार, सकाळी ६:१०)

मावशी, खूप खूप आभार. शू झालीय, अश्रू येताहेत, टाळू ठीक वाटतेय. ओआरएस केलं, चमच्याने घेतोय. हे पाळीवरून आले की लगेच निघतो, सासूबाईही येताहेत. टाकणखाराची वाटी त्यांनी स्वतःच उचलून ठेवली. मी त्यांना तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं.

जेल आणि गोड गोळ्यांचं राहिलं. त्याबद्दल कुणाला माहीत आहे का?

बालदंत_कॉलेजरोड (शनिवार, दुपारी २:१५)

मी मुलांची दंतवैद्य आहे. सिस्टरमावशींच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा.

जेलची नळी हातात घेऊन घटक वाचा. बेंझोकेन असेल तर २ वर्षांखालच्या मुलांना नाहीच. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद धोकादायक रीतीने कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. लिग्नोकेन गिळलं गेलं तर हृदयावर आणि मेंदूवर परिणाम होतो, आकडी येऊ शकते. कोलीन सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातलं, ब्रिटनमध्ये २००९ पासून १६ वर्षांखालच्यांना तोंडात लावायला ते मना आहे. शिवाय लाळ एवढी गळत असते की जेल हिरडीवर फार वेळ टिकत नाही, पोटात जातं. मोगराताई, बाळ शांत व्हायचं त्यात बोटाने चोळण्याचाही वाटा असणार. तेवढंच करा, नुसत्या बोटाने.

गोड गोळ्यांनी दात लवकर किंवा सुखाने येतात याला आधार नाही. आणि अमेरिकेत दात येण्यासाठीच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण लेबलपेक्षा जास्त सापडलं होतं, हेही सांगायला हवं.

टाकणखाराबद्दल माझ्याकडे आया इतक्या वेळा विचारतात की हे लिहितेच. १९८३ मध्ये डॉक्टरांनी ७ बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या चोखणीला मध आणि बोरॅक्सचं मिश्रण लावलं जायचं. सगळ्यांना आकड्या येत होत्या, आणि मिश्रण बंद केल्यावर त्या थांबल्या. आपल्याकडच्या वाटीत तेच दोन पदार्थ असतात.

दात आणि ताप यांचा संबंधही मोजून पाहिलेला आहे. २००० साली अमेरिकेत क्लीव्हलंडमधल्या डॉक्टरांनी १२५ बाळांच्या आयांकडून रोजच्या नोंदी घेतल्या, दिवसातून दोनदा तापमानासकट. दात वर येण्याआधीचे ४ दिवस, तो दिवस आणि नंतरचे ३ दिवस, या काळात चावणं, लाळ, किरकिर, कान चोळणं, तोंडावर पुरळ, घट्ट अन्न नको म्हणणं आणि अंग किंचित गरम लागणं हे वाढलेलं दिसलं. पातळ शी, उलटी, खोकला आणि १०२ च्या वरचा ताप यांचा दातांशी संबंध दिसला नाही. १००.४ पासून पुढे आम्ही तो खरा ताप धरतो आणि कारण दुसरीकडे शोधतो.

हिरडीवर निळसर पाण्याचा फोड दिसला तर घाबरू नका, टोचूही नका. दात येताना तसा कधीकधी होतो आणि दात आला की फुटून जातो. पहिला दात दिसला की दिवसातून दोनदा मऊ ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दंतवैद्याला दाखवा. आणि वरचे दात आधी आले म्हणून मामाला जड वगैरे कुणी म्हणालं तर काळजी करू नका, कुणाकुणाचा क्रम तसा असतो, एवढंच.

बागायतदार_पिंपळगाव (शनिवार, रात्री ९:००)

ताई, बाळ कसंय आता? आमची मुलगी ९ महिन्यांची, वरचे दोन दात येताहेत. सध्या काढणी चालू आहे, घरात द्राक्षांचे क्रेट. आई म्हणते गार द्राक्ष हातात दे, हिरड्यांना बरं वाटतं. द्यावं का? खारीकही चघळायला देतात आमच्याकडे.

सिस्टरमावशी, म्हसरूळ (शनिवार, रात्री ९:४०)

भाऊ, अख्खं द्राक्ष नाही म्हणजे नाही. गोल, गुळगुळीत, आणि बाळाच्या श्वासनळीत बसेल एवढंच ते असतं. अडकलं की बोटाने निघत नाही. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून चार फोडी करूनच द्यायचं. नऊ महिन्यांच्या मुलीला साल आणि बी काढून, कुस्करून. जाळीच्या चोखणीत घालून गार द्यायचं असेल तर चालेल, पण तुम्ही बागायतदार आहात, फवारणी तुम्हाला माझ्याहून जास्त कळते, मणी वाहत्या पाण्यात नीट धुवा आणि जाळी दर वेळी उकळा. खारीक, ज्येष्ठमधाचं कांडं, गाजराचा कडक तुकडा हे सगळं चघळून मऊ झालं की त्याचा तुकडा पडतो. दात आल्यावर तर आणखीच. त्यापेक्षा एकसंध, घट्ट रबराचं किंवा सिलिकॉनचं चावायचं खेळणं (टीदर) द्या, आत पाणी भरलेलं घेऊ नका.

अबीरची_आई (सोमवार, दुपारी १:३०)

सगळ्यांनी विचारलंत म्हणून सांगते. डॉक्टरांनी कान, घसा, पोट सगळं तपासलं. विषाणूचे जुलाब आहेत म्हणाले. अँटिबायोटिक दिलं नाही. ओआरएस, पॅरासिटामॉल वजनावर मोजून, आणि झिंक रोज २० मिलिग्रॅम. काल सकाळपासून ताप नाही, आज शी दोनदा, घट्ट व्हायला लागलीय. खालचा दात अजूनही आलेला नाही, हिरडी तशीच आहे! सासूबाईंनी डॉक्टरांना टाकणखाराबद्दल स्वतः विचारलं. आता रुमाल गार करून तोंडाशी धरायचं काम त्यांच्याकडेच आहे आणि अबीर माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त शांत बसतो.

वहिनींना जेलची नळी वाचून दाखवली, त्यात कोलीन सॅलिसिलेटच होतं. परत दिली.

एक विचारायचं राहिलं. शी जवळपास थांबली तर झिंक बंद केलं तर चालेल का? चव आवडत नाही त्याला, थुंकतो.

सिस्टरमावशी, म्हसरूळ (सोमवार, दुपारी ३:१०)

किती बरं वाटलं वाचून. झिंक पूर्ण १४ दिवस द्यायचं, शी थांबली तरी. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोका त्याने कमी होतो. गोळी असेल तर चमच्यात तुझ्या अंगावरच्या दुधात विरघळव, चवीची तक्रार कमी होईल. दिल्यावर लगेच उलटली तर काय करायचं ते डॉक्टरांना फोनवर विचार.

आता दोन आठवडे रोज एक खाणं जास्तीचं दे. मऊ वरणभात, नाचणीचं सत्व, कुस्करलेलं केळं, वर थोडं साजूक तूप. आजारात घटलेलं वजन असंच भरून येतं. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस आहे. त्या दिवशी दात येत असला, लाळ गळत असली, किरकिर करत असला तरी लस पुढे ढकलायची नाही, कार्ड घेऊन जायचं.